अडीच फूट वाकडं धुराडं

लँकशायरमधल्या आमच्या थॉर्नक्लफ गावात आणि आसपासच्या खोऱ्यांत मिळून आर्नल्ड टॅटरसॉलने एकसष्ट धुराडी पाडली. खरं तर पाडणं हा त्याचा धंदाच नव्हता. गिरण्यांची उंच धुराडी दुरुस्त करायची, दरजा भरायच्या, लोखंडी कडी आवळायची, पडणारी वीज जमिनीत नेणारी तार बसवायची, हे त्याचं काम. पण गिरण्या एकेक करून मिटल्या तसं दुरुस्तीला कोणी बोलावेना. वैद्याकडे लोक फक्त मयताचा दाखला मागायला येऊ लागले, तर त्याने दाखलेच द्यावेत, दुसरं काय करणार?

मी गेली चोवीस वर्षं या गावच्या नगरपालिकेत समिती विभागाचा कारकून आहे. सभा भरवणं, इतिवृत्त लिहिणं, चहाला किती माणसं ते स्वयंपाकघरात कळवणं, अशी कामं. त्यामुळे गावात काय पाडायचं आणि काय जपायचं हे ठरताना मी हजर असतो. एकाच ठिकाणी दोन्ही ठरताना मात्र मी एकदाच पाहिलं.

आर्नल्ड पंधराव्या वर्षी शिडीवर चढला. एक शिडी भिंतीला बांधायची, तिच्या टोकावर उभं राहून दुसरी वर ओढायची, तीही बांधायची, आणि असं दोनशे फुटांपर्यंत. डोक्यावर कायम तेलकट चपटी टोपी. नगरपालिकेच्या सुरक्षा अधिकाऱ्याने त्याला हेल्मेट सक्तीचं केलं तेव्हा तो म्हणाला, "दीडशे फुटांवरून मी खाली आलो तर यात माझं डोकं गोळा करायला बरं पडेल." मग त्याने ते हेल्मेट मुकाट्याने घेतलं आणि त्यात खिळे ठेवले. अधिकाऱ्याने 'हेल्मेट वापरात आहे' असा शेरा मारला. तो खोटा नव्हता.

आठवड्याचे सहा दिवस धुराड्यांवर घालवल्यावर रविवारी एखाद्याने चर्चमध्ये जावं किंवा झोपावं. आर्नल्ड प्रॉव्हिडन्स गिरणीत जायचा. ही गिरणी बंद पडली तेव्हा माग भंगारात गेले, पण वाफेचं इंजिन उचलायला फार जड म्हणून राहून गेलं. त्याला दोन प्रचंड सिलिंडर. जुन्या मालकाने आपल्या दोन मुलींची नावं त्यांना दिलेली, अ‍ॅग्नेस आणि मॉड. त्या मुली लग्न होऊन कुठे गेल्या कोणाला ठाऊक नाही, पण या दोघी तिथेच गंजत, कबुतरांची विष्ठा अंगावर घेत बसल्या होत्या. आर्नल्डचा बाप याच गिरणीत बॉयलरमध्ये कोळसा घालायचा.

अकरा वर्षं. दर रविवारी त्याने गंज खरवडला, चोरीला गेलेल्या पितळी झडपा नव्याने घडवल्या, दट्ट्यांची वेष्टणं बदलली, बेअरिंगमध्ये नवा धातू ओतला. तो धातू वितळवला घरच्या गॅसवर, बायकोच्या, म्हणजे मेव्हिसच्या, सर्वांत चांगल्या पातेल्यात. त्या दिवसापासून टॅटरसॉलांच्या घरी मटार उकडायचं पातेलं नव्हतं. शेवटी बॉयलरचा निरीक्षक आला, अर्धा दिवस हातोडीने ठोकत बसला आणि कुरकुरत दाखला देऊन गेला. आता फक्त विस्तव घालायचा राहिला होता.

इथे आमची समिती जागी झाली.

गावाचा वारसा जपण्यासाठी अकरा जणांची समिती नेमलेली होती. त्यात एक चपलांचा दुकानदार, दोन विमा एजंट, एक निवृत्त दंतवैद्य वगैरे मंडळी. अध्यक्ष नगरसेविका डॉरोथी पिकअप. समितीला अकरा वर्षांत इंजिनाचा पत्ता नव्हता. ते तयार झाल्यावर लगेच लागला. समितीने एकमताने ठरवलं की हे इंजिन म्हणजे गावाचा अमोल ठेवा आहे आणि ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी ते समारंभपूर्वक सुरू करायचं. टाळ्या झाल्या. पुढचा विषय होता त्याच गिरणीचं धुराडं. मँचेस्टरहून बोलावलेले इंजिनिअर फेनविकसाहेब दुर्बिणीने मोजून आले होते. एकशे ऐंशी फूट उंची, माथा पूर्वेकडे एकतीस इंच कललेला. धोकादायक.

"किती कललेलं चालतं?" दंतवैद्याने विचारलं. दात असो की धुराडं, त्यांना आकडा लागतो.

"एक फुटाच्या आत असतं तर माझी हरकत नव्हती," फेनविक म्हणाले. मी ते तसंच इतिवृत्तात लिहिलं. बोललेलं लिहिणं एवढंच माझं काम.

मग समितीने हेही एकमताने ठरवलं, की धुराडं पाडायचं. आणि लोक जमणारच आहेत तर त्याच शनिवारी पाडायचं. कार्यक्रम छापला. अडीच वाजता प्रॉव्हिडन्सचं धुराडं पाडणे. साडेतीन वाजता प्रॉव्हिडन्सचं वाफेचं इंजिन सुरू करणे. मध्ये चहा.

धुराडं पाडायचा ठेका अर्थातच आर्नल्डला. तो छापील कार्यक्रम घेऊन माझ्या टेबलासमोर आला तेव्हा त्याची टोपी हातात होती. हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

"कारकूनसाहेब, हे तू छापलंस?"

"समितीने ठरवलं. मी छापलं."

"अडीचला धुराडं पाडायचं."

"हो."

"साडेतीनला बॉयलर पेटवून इंजिन चालवायचं."

"हो."

"मग साडेतीनला धूर कुठून जाणार? डॉरोथीच्या नाकातून?"

मी पुन्हा कार्यक्रम वाचला. खरं सांगतो, माझ्याही लक्षात आलं नव्हतं. ज्या गावात शंभर वर्षं लोकांनी वाळत घातलेल्या चादरींवर काजळी झेलली, त्या गावच्या अकरा प्रतिष्ठितांना आणि एका कारकुनाला धुराडं कशासाठी असतं हे आठवलं नाही. धुराडं नाही तर हवेची ओढ नाही, ओढ नाही तर विस्तव नाही, विस्तव नाही तर वाफ नाही.

मी त्याला समितीपुढे नेलं. आर्नल्ड आणि डॉरोथी पिकअप एका शाळेतले. तो सुरुवातच चुकला.

"अगं डॉरोथी..."

"समितीत मिसेस पिकअप म्हणायचं, आर्नल्ड."

"बरं, मिसेस पिकअप. धुराड्याशिवाय इंजिन चालत नाही."

दंतवैद्याने चष्मा पुसला. मग फेनविकसाहेबांनी मार्ग काढला. ते म्हणाले, "त्याची सोय आहे. मागे एक विजेची मोटर बसवू. चाक फिरेल. इतर ठिकाणी असंच करतात. लोकांना फरक कळत नाही."

"मला कळतो," आर्नल्ड म्हणाला.

"तुम्ही एकटे, मिस्टर टॅटरसॉल."

"मेलेल्या माणसाला खुर्चीत बसवायचं आणि मागून दोरी ओढून त्याचा हात हलवायचा. आणि लोकांना सांगायचं, बघा, नमस्कार करतोय!"

सर्वांना हे अभिरुचीला सोडून वाटलं. मोटरचा ठराव दहा विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला. एक विमा एजंट चहा आणायला गेला होता.

बाहेर आल्यावर आर्नल्ड जिन्यावर बसला. अकरा वर्षांचे रविवार कसे दिसतात ते त्याच्या पाठीकडे बघून समजत होतं. मी इतिवृत्ताची वही घेऊन चाललो होतो. तो म्हणाला, "त्या मँचेस्टरवाल्याने धुराड्याबद्दल नक्की काय सांगितलं होतं?"

मी वाचून दाखवलं.

"पुन्हा वाच."

"एक फुटाच्या आत असतं तर हरकत नव्हती."

"असं लिहून, सही होऊन, पक्कं झालंय?"

"मागच्याच सभेत कायम झालंय."

तो उठला. टोपी डोक्यावर गेली. "पाडायच्या तयारीसाठी धुराड्याचा ताबा मला कधी मिळणार?"

"वेक्सच्या पहिल्या शनिवारी."

"झकास," तो म्हणाला.

वेक्स म्हणजे गिरण्यांची उन्हाळी सुटी. आपल्याकडे जत्रेला गाव भरतं. इथे वेक्सला गाव रिकामं होतं. पूर्वी सगळ्या गिरण्या एकदम थंड व्हायच्या आणि झाडून सगळे लोक समुद्रावर जायचे. आता गिरण्या बंद पडल्या, त्यांची सुटी मात्र नेमाने चालू आहे. पंधरा दिवस बेकरी बंद, न्हावी बंद, चिप्सचं दुकानसुद्धा बंद. समितीतले अकराच्या अकरा कोणी ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर, कोणी स्पेनच्या मायोर्का बेटावर. आर्नल्डला मात्र जन्मात वेक्सची सुटी नव्हती, कारण धुराडी थंड असायची ती तेवढेच पंधरा दिवस. त्यामुळे लग्नाला एकतीस वर्षं होऊनही मेव्हिस टॅटरसॉलने समुद्र पाहिला होता तो बिस्किटाच्या डब्यावर.

या वर्षी तिने समुद्राकाठच्या मोरकॅम्बला खोली घेतली होती.

"खोली असू दे," आर्नल्ड तिला म्हणाला, "मला करवतीच्या दुसऱ्या टोकाला माणूस हवाय."

"क्लिफर्डला घे की."

क्लिफर्ड रॉथवेल हा आर्नल्डचा वीस वर्षांपासूनचा जोडीदार. दोनशे फुटांवर एका पायावर उभा राहील, पण वेक्समध्ये काम म्हटल्यावर त्याने आर्नल्डकडे असं पाहिलं, की जणू त्याने गुड फ्रायडेला डुक्कर मारायला सांगितलं. तो ब्लॅकपूलला गेला. सव्वीस वर्षं तो तिथे त्याच घरी, त्याच खोलीत उतरतो.

कललेलं धुराडं सरळ करायची जुनी रीत आहे. आर्नल्डच्या गुरूने ती एकदा केली होती आणि पुन्हा करू नकोस असंही सांगितलं होतं. धुराडं ज्या बाजूला कललं असेल त्याच्या उलट बाजूची विटांमधली चुन्याची एक दरज करवतीने कापत जायची. कापता कापता वरचं वजन त्या फटीवर बसतं, फट मिटते आणि माथा तेवढा मागे येतो. थोडं कमी कापलं तर काही होत नाही. थोडं जास्त कापलं तर समितीचा अडीच वाजताचा कार्यक्रम दोन आठवडे आधी होतो. करवत भिंतीच्या आरपार चालवायची, म्हणून एक माणूस बाहेर परांचीवर आणि दुसरा धुराड्याच्या आत.

आत मेव्हिस होती.

सुटीत कचेरीत एक माणूस लागतो. चोवीस वर्षं तो मीच असतो. दुपारचा डबा मी गिरणीच्या आवारात जाऊन खायचो, म्हणून मला हे सगळं ऐकायला मिळालं. आर्नल्ड दोरीने तिला आतून वर ओढायचा, ती आतल्या फळीवर उभी राहायची, आणि मग चाळीस फुटांवर भिंतीतल्या बोटभर फटीतून नवराबायकोचा संसार चालायचा.

"आर्नल्ड!"

"काय?"

"माझ्या तोंडात काजळी गेली."

"मग तोंड मिट."

"एकतीस वर्षं मिटलंच होतं, म्हणून इथवर येऊन पोचले. ओढ तुझ्या बाजूला!"

खर्र, खर्र.

"ब्लॅकपूलच्या टॉवरवर लिफ्ट आहे म्हणे," आतून आवाज आला.

"तुलाही आहे की. मी खालून ओढतो, तू वर जातेस."

"शेजारच्या हिल्डा फील्डिंगला नवऱ्याने मायोर्काला नेलंय."

"तिथे काय आहे?"

"ऊन."

"ते संपलं की येईल परत. आपलं काम राहील."

तिसऱ्या दिवशी दुपारी करवत मध्येच थांबली.

"अडकली!" मेव्हिस ओरडली.

"ओढू नकोस! सोड!"

"का?"

"अडकली म्हणजे भिंत बसली."

खाली उतरून त्याने ओळंबा पाहिला. माथा सहा इंच मागे आला होता. आर्नल्डने ब्रेड, चीज आणि लोणच्याचा कांदा असं जेवण काढलं आणि मेव्हिसला मोठा कांदा दिला. त्या घराण्यात यापेक्षा मोठा सत्कार नाही.

मग दुसरा काप, तिसरा, प्रत्येक वेळी थोडं वर. चौथ्या वेळी मात्र भिंतीने हट्ट धरला. दोन दिवस ते कापत होते. ठरल्यापेक्षा चार विटा पुढे गेले, तरी करवत लोण्यातून जावी तशी मोकळी चालत होती. आर्नल्डची बडबड बंद झाली. डबा तसाच परत जाऊ लागला. मी त्याला विचारलं, "आता?"

"आता एक तर ते बसेल, नाही तर पडेल. विचारून बघ, तुझं ऐकेल कदाचित. सरकारी माणूस आहेस."

"मेव्हिसला तरी बाहेर काढ."

"सांगितलं. ती म्हणते, तिच्या जागी दुसरा कोण आहे?"

गुरुवारी साडेअकराला मी आवारात शिरतो तोच वरून आवाज आला. मोडण्याचा नव्हे, म्हातारं माणूस खुर्चीत बसताना कण्हतं तसा. मूठभर चुना खाली सांडला. परांचीवर आर्नल्ड दोन्ही हात भिंतीला टेकवून उभा होता.

"मेव्हिस?"

त्याने फटीला तोंड लावलं.

"मेव्हिस!"

"इथेच आहे," आतून आवाज आला. "जाणार कुठे? दोरी तुझ्याकडे आहे."

आर्नल्ड परांचीवर बसला आणि त्याने टोपी काढली. मग म्हणाला, "खोकलीस तरी असतीस!"

"काजळी तोंडात जाते म्हणून तूच सांगितलंस ना, तोंड मिट."

वेक्स संपला तेव्हा सहा काप झाले होते, सगळ्या फटी चुन्याने भरल्या होत्या आणि ओळंबा सात इंच दाखवत होता. सोमवारी फेनविकसाहेब पाडायची तयारी बघायला आले. तयारी म्हणजे धुराड्याच्या बुडाशी विटा काढून, पाडताना पेटवायचे लाकडी टेकू लावलेले असायला हवे होते. ते नव्हतेच. वर पाहिलं तर धुराडं सरळ. त्यांनी दुर्बीण लावली, पुसली, पुन्हा लावली आणि तातडीची सभा बोलावली.

आर्नल्डची एकच चूक झाली. त्याला वाटलं, सरळ धुराडं दाखवलं की विषय संपला. त्याने जन्मभर विटांशी व्यवहार केला होता, समित्यांशी नव्हे.

"पंधरा दिवसांपूर्वी एकतीस इंच, आज सात," फेनविक म्हणाले. "अर्थ एकच. धुराडं हलतंय. आणि हलणारं धुराडं वाकड्या धुराड्यापेक्षा धोकादायक असतं."

अकराही उन्हाने भाजलेल्या माना डोलल्या. वाकडं आहे म्हणून पाडायचं होतं, आता सरळ झालं म्हणून पाडायचं.

"ते हललं कारण आम्ही हलवलं," मागच्या बाकावरून आवाज आला.

"प्रेक्षकांनी सभेत बोलायचं नसतं," मिसेस पिकअप म्हणाल्या.

"मी प्रेक्षक नाही, डॉरोथी. मी करवतीचं आतलं टोक आहे." मेव्हिस उभी राहिली होती. दोनदा अंघोळ करूनही तिच्या कानामागे काजळी होती. "तू मायोर्काला भाजत होतीस तेव्हा मी त्या धुराड्याच्या पोटात उभी होते. ते कसं आहे हे मला विचार, दुर्बिणीला काय विचारतेस?"

"कोणाच्या परवानगीने?" फेनविकनी विचारलं.

हा प्रश्न बरोबर होता. मिसेस पिकअप मात्र वीस वर्षं उगाच निवडून येत नव्हत्या. बाहेर कार्यक्रमाची पत्रकं वाटून झाली होती, बँड ठरला होता, आणि करवत चालवणाऱ्या गृहिणीची बातमी वर्तमानपत्रात कशी दिसेल हेही त्यांना आमच्याआधी दिसलं. त्यांनी माझ्याकडून इतिवृत्त वाचून घेतलं.

"एक फुटाच्या आत असेल तर हरकत नाही, असं तुम्हीच म्हणाला होतात?"

"म्हणालो होतो, पण..."

"सात इंच एक फुटाच्या आत येतात?"

"येतात, पण..."

"म्हणजे समितीने अपेक्षा व्यक्त केली, आणि समितीच्या ठेकेदाराने ती पूर्ण केली. समितीच्या दूरदृष्टीची नोंद घ्या." मी घेतली.

फेनविकनी एक अट घातली, आणि तीही रास्त होती. प्रत्येक कापावर काचेची पातळ पट्टी चुन्याने चिकटवायची. धुराडं केसभर जरी हललं तरी काच तडकते. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत एकही तडकली तर शनिवारी धुराडं पाडायचं. आर्नल्डने स्वतःच सहा पट्ट्या लावल्या आणि पुढचे चार दिवस सकाळ-संध्याकाळ शिडी चढून त्यांच्याकडे बघत राहिला. बुधवारी पश्चिमेचा जोराचा वारा सुटला. त्या दिवशी तो उतरलाच नाही. मेव्हिसने जेवण दोरीला बांधून वर पाठवलं. शुक्रवारी फेनविक स्वतः क्लिफर्डच्या मदतीने, डोळे मिटत मिटत, शिडीवर चढले. सहाच्या सहा काचा अखंड होत्या. उतरल्यावर ते म्हणाले, "काम स्वच्छ आहे." मग त्यांना थोडा वेळ बसावं लागलं.

शनिवारी तीन हजार माणसं आली. धुराडं पाडणार नाही हे आम्ही फलकावर लिहिलं होतं. फलक कोणी वाचत नाही. लोक घडीच्या खुर्च्या घेऊन धुराड्याकडे तोंड करून बसले. आत इंजिनघरात समितीच्या अकरा नावांची पितळी पाटी लावली होती. तिच्यावर टॅटरसॉल हे नाव नव्हतं. मी आर्नल्डला ते दाखवलं, तेव्हा तो झडपेला तेल घालत होता. "पितळ चांगलं आहे," तो म्हणाला.

पिकअपबाईंचं भाषण सत्तावीस मिनिटं चाललं. थंड सिलिंडरमध्ये एकदम वाफ सोडता येत नाही, ते आधी हळूहळू गरम करावे लागतात, आणि त्याला साधारण तेवढाच वेळ लागतो. आमच्या नगरपालिकेच्या इतिहासात एवढं उपयोगी पडलेलं दुसरं भाषण मला माहीत नाही.

मग बाईंनी पांढरे हातमोजे घातलेल्या हातांनी झडपेचं चाक धरलं. ते हललं नाही. आर्नल्डने त्यांच्या हातांवर आपले काळे हात ठेवले आणि सावकाश फिरवलं. अ‍ॅग्नेसने एक लांब श्वास सोडला. मॉडने तिच्या मागोमाग. इंजिनाचं तीस टनांचं चाक क्षणभर विचारात पडलं आणि मग, कसलाही आवाज न करता, निघालं. पायाखालची फरशी हलकेच थरथरू लागली. मेव्हिस भिंतीला टेकून उभी होती. तिने डोळ्यांना रुमाल लावला आणि काजळी गेली असं सांगितलं.

कार्यक्रमाप्रमाणे साडेचारला समारोप होता. मला वक्तशीरपणाची सवय. चार अठ्ठावीसला मी बॉयलरपाशी गेलो. आर्नल्ड शर्टाच्या बाह्या सारून, बाप जिथे उभा राहायचा तिथे उभा राहून कोळसा घालत होता.

"आर्नल्ड, साडेचारला थांबवायचं आहे."

"कशाला?"

"छापलंय तसं."

"मग जा आणि समारोप करून टाक." त्याने आणखी एक फावडं आत टाकलं. "मी कुठे आड येतोय?"

मी वर जाऊन समारोप झाल्याचं जाहीर केलं. समिती टाळ्या वाजवून चहाला गेली. चाक फिरत राहिलं.